जाणत्या हातांचा अधिकार

दिवाळीच्या अंकात इस्पितळाचा विषय काढू नये, असा एक न लिहिलेला संकेत आहे. चकलीचा तुकडा तोंडात टाकून सतरंजीवर लवंडून वाचावयाच्या पानांत औषधांचा वास कशाला, असे कोणी म्हटले तर त्याला अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्या अंगणात पणत्या तेवत असतात, त्याच वेळी मोठ्या गावातल्या इस्पितळात हृदयरुग्णांच्या खोलीत कोणीतरी रात्रपाळीला जागे असते. बहुधा ती एखादी बाई असते. अलीकडे पुरुषही असतात. तिचा सण पाळी सुटल्यावर. तिच्या सेवाभावाविषयी कृतज्ञतेचे चार शब्द लिहिणे सोपे आहे, आणि तसे आपण आजवर पुष्कळ लिहिलेही आहे. मला लिहावयाचे आहे ते तिच्या ज्ञानाविषयी, आणि त्या ज्ञानातून उभ्या राहिलेल्या एका नैतिक प्रश्नाविषयी.

प्रश्न असा. एक माणूस मरत आहे. त्याच्या उशाशी जी उभी आहे तिला काय केले पाहिजे हे ठाऊक आहे. पण ते करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाचा आहे, आणि तो दुसरा तीन जिने खाली आहे. तिने काय करावे? आणि त्याहूनही आधीचा प्रश्न म्हणजे, जिला करण्याचा अधिकार द्यावयाचा नाही तिला ते शिकवावेच कशाला?

नीतिशास्त्राच्या तासाला मुद्दाम रचलेले उदाहरण वाटावे, असा हा प्रश्न आहे. पण तो कोणी रचलेला नाही. १९६० नंतरच्या चार-पाच वर्षांत तो खरोखरीच्या इस्पितळांत, खरोखरीच्या माणसांपुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर द्यावे लागले.

त्याआधीची व्यवस्था सरळ होती. डॉक्टरने ठरवावे आणि परिचारिकेने करावे. नाडी मोजावी, ताप पाहावा, रक्तदाब लिहावा, औषध वेळेवर द्यावे, आणि काही वेगळे दिसले तर डॉक्टरला बोलवावे. आज आपण या व्यवस्थेकडे वरून पाहतो आणि ‘बायकांना दाबून ठेवण्याचा प्रकार’ म्हणून मोकळे होतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण एवढे म्हणून भागत नाही. लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा १८६० साली सुरू झाली, तेव्हा परिचर्येला शिस्त लागली, आणि त्या शिस्तीने माणसे वाचली. प्रत्येकाने आपापल्या मनाने औषध देऊ लागावे यापेक्षा एकाने ठरवावे आणि इतरांनी ते चोख करावे, हे केव्हाही बरे. आज्ञापालन हा गुण आहे, कारण त्यामुळे चुका कमी होतात आणि झालेली चूक कोणाची हे कळते. तेव्हा जुन्या व्यवस्थेला मूर्खपणा म्हणून बाजूला सारता येणार नाही. एका ठिकाणी ती अपुरी पडली, एवढेच म्हणता येईल. ते ठिकाण कोणते हे नीट समजून घेतले पाहिजे.

ते ठिकाण म्हणजे हृदयविकाराचा झटका आलेला रोगी. त्या काळी अशा रोग्याला इस्पितळात आणीत, कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहावयास सांगत, वेदनेवर औषध देत, आणि वाट पाहत. इतर रोग्यांच्या बरोबरीने तो साध्या वॉर्डात कोठेतरी कोपऱ्यातील खाटेवर असे. दाखल झालेल्या शंभरांतील सुमारे तीस जण घरी परतत नसत. त्यांतले कित्येक आदल्या क्षणापर्यंत बरे दिसत. बोलता बोलता मान टाकीत. पुढे कळले ते असे की, या माणसांचे हृदय निकामी झालेले नसे. त्याची लय बिघडलेली असे.

हे बिघडणे कसे असते? लेझमीचे पथक डोळ्यांपुढे आणावे. हलगीच्या ठेक्यावर पन्नास हात एकदम वर जातात, एकदम खाली येतात. आता पन्नासांपैकी प्रत्येकाने आपापला ठेका धरला, तर हात सगळ्यांचे हलतात, घाम सगळ्यांना येतो, पण लेझीम होत नाही. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील स्नायूंचे तंतू असेच सुटे सुटे थरथरू लागले की हृदय हलते, परंतु रक्त पुढे जात नाही. दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. चार मिनिटांच्या सुमारास मेंदूला इजा होऊ लागते. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची आशा शेकडा सात ते दहाने कमी होते. ‘क्षणभंगुर’ हा शब्द आपण कीर्तनात ऐकतो. येथे तो घड्याळावर मोजता येतो.

या थरथरीवर उपाय निघाला तोही विलक्षण होता. क्लीव्हलंड येथील शल्यवैद्य क्लॉड बेक यांनी १९४७ साली एका चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला विजेचा धक्का दिला आणि ते पुन्हा लयीवर आणले. बॉस्टनच्या पॉल झोल यांनी १९५६ साली छाती न उघडता, वरूनच तसा धक्का देऊन दाखविला. धक्क्याने सगळे तंतू एकदम गप्प होतात, आणि त्या शांततेत हृदयाचा मूळचा हलगीवाला पुन्हा ठेका धरतो. मग १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी दाखवून दिले की, धक्क्याचे यंत्र येईपर्यंत छातीवर तालात दाब देत राहिले तरी मेंदूला पुरेसे रक्त पोचविता येते. त्यांतले कौवेनहोवेन हे वैद्य नव्हेत, विजेचे इंजिनिअर होते. यंत्र नाही, सुरी नाही. दोन हात पुरतात, असा त्यांच्या शोधाचा मथितार्थ.

दोन हात पुरतात. पण कोणाचे? नेमका येथे आपला प्रश्न जन्मास येतो. जोवर उपायच नव्हता तोवर परिचारिकेने डॉक्टरला बोलावणे आणि डॉक्टरने येऊन मान हलविणे, यात वेळेला किंमत नव्हती. उपाय निघाला आणि तो चार मिनिटांच्या आत करावयाचा आहे असे ठरले, त्या दिवशी डॉक्टर आणि खाट यांच्यामधले अंतर हा एक नैतिक प्रश्न होऊन बसला. कॅन्सस परगण्यातील ह्यूज डे या डॉक्टरांनी प्रथम सर्व साहित्याने भरलेली हातगाडी तयार ठेवून ती धावत नेण्याची व्यवस्था केली. परंतु कोणाचे हृदय थांबले आहे हेच मुळी उशिरा कळे. गाडी पोचेपर्यंत वेळ निघून जाई. तेव्हा १९६२ साली त्यांनी असे रोगी एका जागी आणले आणि त्यांच्या हृदयाची रेघ पडद्यावर सतत दिसेल अशी सोय केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६१ साली, एडिंबरोच्या डेझ्मंड ज्युलियन या तरुण डॉक्टरांनी हीच कल्पना मांडली होती आणि तिला एक धीट कलम जोडले होते: डॉक्टर हजर नसेल तेव्हा शिकविलेल्या परिचारिकेने उपाय सुरू करावा. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर हे डॉक्टर आणि रोझ पिनिओ या परिचारिका यांनी तर सगळी व्यवस्थाच या कलमावर उभारली. पडदा, तारा, यंत्र ही केवळ साधने; उपचार करणारी ती परिचारिका, असे त्यांनी धरले. रेघ तिने वाचावयाची, ओळखावयाची, आणि पाळी आली तर धक्काही तिनेच द्यावयाचा. कसे, ते शिकविणारे पुस्तक त्यांनी किचेल या सहकाऱ्यासह १९६५ साली परिचारिकांसाठी लिहिले.

यावर गहजब झाला नसता तरच नवल. आक्षेप तीन होते, आणि तिन्ही वजनदार होते.

पहिला कायद्याचा. हृदयाची रेघ वाचून ‘हे अमुक आहे’ असे म्हणणे म्हणजे निदान करणे. आणि निदान हा डॉक्टरचा अधिकार. दुसरा चुकीचा. छातीवरची तार सैल झाली, रोगी दात घासू लागला, थंडीने कुडकुडला, तरी पडद्यावर तशीच वेडीवाकडी रेघ उमटते. नीट चाललेल्या हृदयाला कोणी घाईने विजेचा धक्का दिला तर त्या धक्क्यानेच थरथर सुरू होऊ शकते. वाचविण्याच्या भरात मारण्याचा हा प्रकार. तिसरा आक्षेप उघडपणे क्वचितच बोलला गेला असेल, पण तो होता; तो मानाचा. पंधरा वर्षे शिकून जे आपण करतो ते काही आठवड्यांच्या शिकवणीने दुसऱ्याने करावे, हे कोणत्या विद्वानाला रुचते? घरात नव्या सुनेच्या हाती कोठीच्या किल्ल्या देताना सासूबाईंना जे वाटते, तेच येथे मोठ्या अक्षरांत.

या आक्षेपांना एक घाईचे उत्तर देता येते. ते म्हणजे, ‘रोगी नाहीतरी मरणारच होता, तिने हात घातला तर बिघडले काय?’ हे उत्तर ऐकावयास रोखठोक वाटते, पण ते मला मान्य नाही. कारण अंगारा देणारा आणि झाडपाल्याचा काढा पाजणारा भोंदूही हेच म्हणतो. तोही डॉक्टर नसताना पुढे होतो, तोही ‘नाहीतरी जाणारच होता’ अशी ढाल पुढे करतो. मग शिकलेली परिचारिका आणि भोंदू यांत भेद कोणता? दोघेही डॉक्टरविना उपचार करीत आहेत एवढेच पाहिले तर काहीच नाही.

भेद आहे, आणि तो चार गोष्टींत आहे. ती शिकलेली आहे. तिचे शिकणे दुसऱ्याने तपासून घेतलेले आहे. आपण काय केले आणि कोणत्या मिनिटाला केले, हे ती लिहून ठेवते. आणि उद्या सकाळी त्याबद्दल विचारले तर ती जाब देते. भोंदू यांतील एकही गोष्ट करीत नाही. तो लिहीत तर मुळीच नाही. अधिकार हा शब्द आपण हक्काच्या अर्थाने वापरतो, पण या चार गोष्टींची बेरीज म्हणजे अधिकार असे मी समजतो. पदवी ही त्या बेरजेची एक खूण आहे. खूण नाही पण बेरीज पुरी आहे, असेही होऊ शकते. आणि खूण आहे पण बेरीज अपुरी, हे तर आपण रोज पाहतो.

चुकीच्या आक्षेपालाही शिकवणीनेच उत्तर दिले आहे. हृदयरुग्णांच्या परिचर्येचा पहिला धडा पडद्याचा नसून माणसाचा आहे. रेघ विचित्र दिसली की आधी रोग्याकडे पाहा. त्याला हाक मारा. मानेशी नाडी लागते का ते पाहा. रोगी ‘काय हो सिस्टर?’ म्हणून विचारीत असेल तर बिघाड तारेत आहे, हृदयात नाही. ज्याला हा धडा येत नाही त्याच्या हाती यंत्र देऊ नये. मग तो परिचारिका असो वा डॉक्टर.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वी सुरू झाला होता आणि मध्येच थांबला, असे मला वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. ग्रंथकार परिचारकाला ‘उपस्थाता’ म्हणतो, म्हणजे जवळ उभा राहणारा. शब्द किती नेमका आहे पाहा! त्याचे चार गुण सांगितले आहेत: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्यावर प्रेम आणि शुचिता. वैद्याचेही चार गुण आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता. दोन याद्या शेजारी ठेवल्या तर दिसते की, निम्मे गुण दोघांना समान आहेत, आणि दोघांच्याही यादीत ज्ञान पहिले आहे. सेवाभाव आधी आणि ज्ञान असले तर असले, असे चरकाने म्हटलेले नाही.

परंतु त्याच अध्यायात पुढे एक उपमा येते. स्वयंपाक करणाऱ्याला भांडे, सरपण आणि विस्तव लागतो, तसे वैद्याला बाकीचे तीन पाय लागतात; कुंभार नसेल तर माती आणि चाक यांचा उपयोग काय? वैद्य प्रधान आहे हे ठसविण्यासाठी उपमा चांगली आहे. अडचण अशी की, सरपणाला आपण जळत आहोत याचे ज्ञान नसते, आणि चाकाला मडके वाकडे होते आहे हे कळत नाही. उपस्थात्याला कळते, तो कळणारा असावा अशी अट त्याच ग्रंथाने घातली आहे. जाणणारे साधन ही गोष्ट तर्काला धरून नाही. एक तर ते जाणत नाही, नाहीतर ते निव्वळ साधन नाही. आपण हजारो वर्षे पहिली यादी पाठ केली आणि वागताना दुसरी उपमा वापरली.

पुढे कोणी म्हणेल, यावर एक सोयीस्कर तोड आहे. डॉक्टरने आधीच हुकूम लिहून ठेवावा: अमुक झाले तर तमुक करा. म्हणजे परिचारिका उपचार करील, पण आज्ञाही डॉक्टरचीच पाळील. इस्पितळांनी हीच तोड काढली आणि ती आजही चालू आहे. व्यवहारात ती उत्तम आहे. पण तिच्या पोटात काय आहे ते पाहा. ‘अमुक झाले तर’ या शब्दांत ‘अमुक झाले आहे’ हे कोणीतरी ओळखावे लागते. ते ओळखणे हुकुमात लिहिता येत नाही. ते त्या वेळी, त्या खाटेपाशी, त्या डोळ्यांनीच व्हावे लागते. आणि ओळखणे म्हणजेच निर्णय. अतिदक्षता विभागात रक्तदाब टिकवून धरणारे औषध पंपातून थेंबाथेंबाने चाललेले असते. हुकूम एका ओळीचा असतो: सरासरी दाब पासष्टच्या खाली जाऊ देऊ नका. रात्रभरात तो दाब वीस वेळा वरखाली होतो. केव्हा थेंब वाढवावयाचे, केव्हा कमी करावयाचे, केव्हा हे औषधाने भागणारे नाही असे समजून निवासी डॉक्टरला उठवावयाचे, हे वीस निर्णय तिचे असतात. कागदावर सही एकाची, विचार दुसऱ्याचा. तेव्हा शिकवून ठेवलेल्या माणसाला ‘तू फक्त आज्ञा पाळतेस’ असे सांगणे हे सत्याला धरून नाही. आपण तिला निर्णय दिलेला आहे. मान्य करावयाचा राहिला आहे, इतकेच.

येथवर मी ज्ञानाची बाजू मांडली. आता ज्ञानाचे ओझे. साध्या वॉर्डातली जुनी परिचारिका, रोगी दगावला तर हळहळे, डोळे पुसे आणि घरी जाई. काही करता येण्यासारखे नव्हते ही तिची सांत्वना होती. शिकविलेल्या परिचारिकेची ही सांत्वना आपण काढून घेतली आहे. ती बसमधून घरी जाताना स्वतःला विचारते: रेघ बदलली तेव्हा मी पलीकडच्या खाटेपाशी होते, अर्ध्या मिनिटापूर्वी वळले असते तर? ज्याला काही येत नाही त्याला असला प्रश्न पडत नाही. कोणाला काही शिकविणे म्हणजे त्याला पुढे आयुष्यभर अपराधी वाटण्याची एक नवी जागा करून देणे होय. ही गोष्ट शिकविणाऱ्यांनी विसरू नये.

आणि म्हणून शिकविणाऱ्यांवर, म्हणजे अखेर समाजावर, काही देणे लागते. अत्यवस्थ रोग्यांच्या खोलीत एका किंवा फार तर दोन रोग्यांमागे एक परिचारिका असावी, हा सर्वत्र मान्य झालेला दंडक आहे. तो दंडक मोडून एकीच्या माथी चार खाटा मारावयाच्या, आणि मग चौथ्या खाटेवरचा दगावला तर जाब तिला विचारावयाचा, हा न्याय नव्हे. शिवाय यंत्रांनी एक नवाच त्रास उभा केला आहे. पडदे सारखे वाजतात; बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते, सुटलेली तार किंवा हललेला हात. शंभरदा विनाकारण वाजलेल्या घंटेकडे एकशे एकाव्या वेळी कान देणे हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. ते कान जागे राहावेत असे वाटत असेल तर त्या कानांना झोप मिळाली पाहिजे. आपल्या देशात २०१६ च्या सुमारास इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता परिचर्येसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. उत्तम झाले. पण दोन वर्षे शिकून आलेल्या परिचारिकेला पुन्हा जुन्याच पगारावर, जुन्याच खाटांमध्ये आणि जुन्याच ‘विचारल्याशिवाय हात लावू नका’ या वाक्याखाली उभे केले, तर आपण तिला ज्ञान दिले असे होत नाही. नुसते ओझे दिले असे होते.

चरकाच्या यादीतील तिसरा गुण, अनुराग, तो या सगळ्या यंत्रांच्या गर्दीत उरतो का, अशी शंका जुन्या पिढीला येते. शंका रास्त आहे. पडद्याकडे पाहण्याची सवय लागली की चेहऱ्याकडे पाहण्याची मोडते. पण या विद्येचा इतिहास उलट साक्ष देतो. न्यूयॉर्कचे किलिप आणि किंबल यांनी १९६७ साली हृदयविकाराच्या रोग्यांचे चार वर्ग पाडले. ते वर्ग आजही वापरतात. ते पाडावयास कोणतेही यंत्र लागत नाही. फुप्फुसांत ओलसर आवाज येतो का ते कानाने ऐकावयाचे, हातपाय गार आणि घामेजलेले आहेत का ते स्पर्शाने पाहावयाचे, रोगी अस्वस्थ झाला आहे का ते डोळ्यांनी. चांगल्या परिचारिकेला रोग्याच्या कपाळावरचा गार घाम पडद्याच्या आधी काहीतरी सांगून जातो. कपाळावर हात ठेवणे हे माया आणि तपासणी या दोन्ही एकाच वेळी असू शकते. घरी आजारी मुलाच्या कपाळावर हात ठेवणाऱ्या आईला हे सांगावयास नको.

आणखी एक अवघड गोष्ट राहते. त्वरेने करण्याचा अधिकार जिला दिला, तिला न करण्याचे ज्ञान कोणी द्यावयाचे? प्रत्येक थांबलेले हृदय पुन्हा सुरू करणे हा रोग्यावर उपकारच असतो असे नाही. आयुष्य पुरे झालेल्या, असाध्य रोगाने पोखरलेल्या वृद्धाच्या बरगड्या मोडून त्याला आणखी दोन दिवस यंत्रावर ठेवण्यात कोणाचे हित? पण हे त्या चार मिनिटांत ठरविता येत नाही, आणि ठरविण्याचा भार रात्रपाळीच्या परिचारिकेवर टाकणे हा तर निर्दयपणा आहे. ते आधी ठरावे लागते. रोग्याने, घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून, उघडपणे आणि लिहून. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. अशा रोग्यांच्या बाबतीत हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केव्हा करू नये, यासंबंधी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली मार्गदर्शनही केले. तरीही आपल्या घरांत हा विषय निघत नाही. ‘अभद्र बोलू नये’ म्हणून आपण गप्प बसतो, आणि आपल्या त्या मौनाची किंमत कोणा परक्या मुलीला मध्यरात्री मोजावी लागते. सगळे भाऊ, बहिणी, सुना, जावई एकत्र जमतात असे दिवस वर्षातून चारच. त्यांतली एखादी निवांत दुपार आजोबांच्या मनात काय आहे ते त्यांनाच विचारण्यात घालविली, तर सणाचा विटाळ होईल असे मला वाटत नाही.

तिला आपण ‘सिस्टर’ म्हणतो. हा शब्द ख्रिस्ती जोगिणींच्या सेवेतून आला आणि आपल्या तोंडी बसला. आपल्याला त्याचा अर्थ फार जवळचा असल्यामुळे बसला असावा. बहीण म्हटले की हक्काने हाक मारता येते, कपभर पाणी मागता येते, रागावताही येते. पण बहिणीचे ज्ञान मान्य करण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. ‘सिस्टर, डॉक्टरांना बोलवा!’ असे आपण तिच्यावर ओरडतो, तेव्हा तिने डॉक्टरांना बोलावून आपले काम अर्धे उरकलेलेही असते. भाऊबीजेला ओवाळणी घालताना आपण बहिणीच्या रक्षणाची भाषा बोलतो. या बहिणीच्या बाबतीत रक्षण कोण कोणाचे करते, याचा एकदा हिशोब केलेला बरा.

हा प्रश्न इस्पितळाच्या भिंतीआडच राहिला असता तर वाचकांना एवढे शिणविण्याचे कारण नव्हते. पण १९६० साली दोन हातांविषयी जे कळले ते हळूहळू भिंतीबाहेर आले आहे. परिचारिकेला शिकविण्यावर ज्यांनी आक्षेप घेतले, तेच आक्षेप घेत बसावयाचे तर आज शाळेतल्या मुलाला, रेल्वेच्या हमालाला, तुम्हाला आणि मला छातीवर दाब द्यावयास शिकविण्याचे धाडस कोणी केले नसते. आज ते शिकवितात. माणूस एकाएकी कोसळला, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, तर कोणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करावयास सांगून त्याच्या छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवावयाचे, आणि मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत दाबत राहावयाचे. शिकावयास एक दुपार पुरते.

पण शिकण्यापूर्वी विचार करावा. आज आपल्या डोळ्यांपुढे कोणी कोसळले तर आपण बाजूला उभे राहून ‘डॉक्टरांना बोलवा’ म्हणू शकतो, आणि रात्री शांत झोपू शकतो. ही सवलत अज्ञानाची आहे, आणि ती लहान नाही. त्या परिचारिकांनी साठ वर्षांपूर्वी ती सोडून दिली. एकदा ते दाब आपल्या तळहातांना शिकवून ठेवले की नुसते उभे राहण्याची मुभा आपल्यालाही उरणार नाही. तरीही शिकावे, असे माझे मत आहे. कारण जो कोसळेल तो बहुधा आपल्याच घरातला असेल, आणि त्या वेळी त्याच्या सर्वांत जवळ उभे असलेले हात आपलेच असतील.